इंधनबचतीचे वाहनचालन

मोटारगाडीच्या रचनेत कोणताही बदल न करता, केवळ ती चालविण्याच्या रीतीत सुधारणा करून तेवढ्याच अंतरासाठी कमी इंधन खर्च करण्याच्या पद्धतीस इंधनबचतीचे वाहनचालन असे म्हणतात. वेगाची व गियरची निवड, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा वापर, थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद करणे, टायरांतील हवेचा दाब राखणे अशा अनेक गोष्टींचा त्यात समावेश होतो. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत ‘इको-ड्रायव्हिंग’ या नावाने ओळखली जाते, तर तिच्या टोकाच्या रूपाला ‘हायपरमायलिंग’ म्हणतात.

भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्यामुळे इंधनबचत हा येथे घरखर्चाइतकाच परकीय चलनाचाही प्रश्न आहे. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम आणि एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजे वाचलेल्या इंधनाच्या प्रमाणात प्रदूषणही घटते. मात्र बचतीच्या नावाखाली रूढ झालेल्या काही सवयी निरुपयोगी, तर काही जीवघेण्या आहेत. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय.

मापन

भारतात इंधनक्षमता ‘लिटरमागे किती किलोमीटर’ अशी मोजतात. बोलीभाषेत तिला ‘मायलेज’ किंवा ‘ॲव्हरेज’ म्हणतात. युरोपातील बहुतेक देशांत याच्या उलट, म्हणजे १०० किलोमीटरला किती लिटर, असे माप वापरले जाते. हा भेद वरवर क्षुल्लक वाटला तरी त्यामुळे निष्कर्ष बदलू शकतात. लिटरला १० किलोमीटर जाणारी गाडी १२ किलोमीटर जाऊ लागली, तर १,००० किलोमीटरच्या प्रवासात सुमारे १७ लिटर इंधन वाचते. २० वरून २५ वर गेलेल्या गाडीत मात्र तेवढ्याच प्रवासात १० लिटरच वाचतात. दुसरी सुधारणा ऐकायला मोठी असली तरी बचत पहिलीत अधिक आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक व जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या दृष्टिभ्रमाकडे लक्ष वेधले होते. जी गाडी अधिक इंधन खाते, तिच्या चालविण्याकडे आधी लक्ष देणे हिताचे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

घरगुती मापनासाठी टाकी पूर्ण भरून किलोमीटरची नोंद करणे, काही शे किलोमीटर गाडी चालविल्यावर शक्यतो त्याच पंपावर टाकी पुन्हा पूर्ण भरणे आणि कापलेल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागणे ही सर्वांत भरवशाची रीत आहे. एकदोन लिटर पेट्रोल टाकून ते संपेपर्यंत गाडी चालवून पाहण्याची रीत अचूक नाही.

ऊर्जा कोठे खर्च होते

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने धुराड्यातून व रेडिएटरमधून निघून जातो. शहरातील वाहतुकीत पेट्रोल इंजिनाच्या गाडीत जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असे ढोबळमानाने धरता येते. हा चौथा हिस्सा पुढे तीन ठिकाणी जातो: हवेचा विरोध, टायर फिरताना होणारा विरोध आणि ब्रेक.

टायरांचा विरोध वेगानुसार फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सुमारे १,२०० किलोग्रॅम वजनाच्या लहान गाडीत ताशी ६० ते ६५ किलोमीटरच्या आसपास हे दोन्ही विरोध जवळजवळ समान होतात. त्यापुढे हवेचे पारडे झपाट्याने जड होत जाते. ताशी ८० वरून १०० किलोमीटर वेग केला की हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो आणि १०० वरून १२० केला की आणखी ४४ टक्क्यांनी.

तिसरा खर्च, म्हणजे ब्रेक, हा चालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. हवा आणि टायर यांचा विरोध काही अंशी अटळ असतो. ब्रेकने होणारी हानी बहुतांशी टाळता येण्याजोगी असते. धावत्या गाडीत साठलेली गतिज ऊर्जा इंधन जाळूनच मिळविलेली असते, आणि ब्रेक दाबताच तिचे उष्णतेत रूपांतर होऊन ती वाया जाते. वर उल्लेखिलेली गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असताना थांबवून पुन्हा त्याच वेगावर आणण्यासाठी सुमारे ९ मिलिलिटर पेट्रोल लागते. ६० साठी सुमारे २० आणि ८० साठी सुमारे ३७ मिलिलिटर. ताशी ६० च्या वेगातून पन्नास वेळा थांबणे म्हणजे साधारण एक लिटर पेट्रोल ब्रेकच्या डिस्कवर ओतण्यासारखे आहे.

दूरवर पाहून चालविणे

यावरून इंधनबचतीची मूळ पद्धत ध्यानात येते: जेथे थांबावे लागणार आहे तेथपर्यंत वेग वाढवीत जाऊ नये. दूरचा सिग्नल लाल दिसत असेल, पुढे गतिरोधक असेल किंवा वाहनांची रांग लागलेली असेल, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच काढावा आणि गाडी गियरमध्येच ठेवून आपोआप मंदावू द्यावी. बहुधा सिग्नलपाशी पोहोचेपर्यंत तो हिरवा होतो आणि गाडी थांबवावीच लागत नाही. पूर्ण थांबलेली गाडी हलविण्यापेक्षा ताशी २० किलोमीटरने सरकत असलेल्या गाडीचा वेग वाढविणे स्वस्त पडते.

त्यासाठी चालकाची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर न खिळता तिच्याही पुढच्या दोनतीन वाहनांवर असावी लागते, आणि पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर सोडावे लागते. पुणे, मुंबई, नाशिक यांसारख्या शहरांत असे अंतर सोडले की लगेच एखादी दुचाकी किंवा रिक्षा त्यात शिरते, ही चालकांची तक्रार खरी आहे. तरीही शिरलेल्या वाहनामागे पुन्हा थोडे अंतर राखणे हे दर वेळी वेग वाढवून फट बुजविण्यापेक्षा कमी खर्चाचे असते, आणि त्याने प्रवासाच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, झटके देत वेग वाढविणे व जोरात ब्रेक दाबणे या सवयींमुळे इंधनक्षमता महामार्गावर १५ ते ३० टक्क्यांनी, तर थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्क्यांनी घटू शकते. चालकाच्या हाती असलेल्या अन्य कोणत्याही एका सवयीचा परिणाम सहसा इतका मोठा नसतो.

वेग

पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था (पीसीआरए) ही केंद्र शासनाच्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करीत आली आहे. पाच किंवा सहा गियर असलेल्या आजच्या गाड्यांत ही पट्टी काहीशी वर सरकते. तरी ताशी ८० किलोमीटरनंतर इंधनक्षमता घटू लागते, हे जवळजवळ सर्वच गाड्यांना लागू पडते. फार कमी वेगही काटकसरीचा नसतो, कारण इंजिन स्वतः फिरत राहण्यासाठी लागणारे इंधन तेव्हा थोड्याच अंतरावर विभागले जाते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाची लांबी सुमारे ९५ किलोमीटर आहे. हे संपूर्ण अंतर ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने कापले तर हिशेबाने १४ मिनिटे अधिक लागतात. घाटात सर्वांनाच वेग कमी करावा लागत असल्याने प्रत्यक्षातील फरक त्याहून कमी असतो.

गियर व इंजिनाचे फेरे

सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेग टिकविण्यासाठी लहान गाडीला पाच-सहा अश्वशक्तीच पुरतात, तर तिच्या इंजिनाची क्षमता ८० अश्वशक्तीच्या आसपास असते. पेट्रोल इंजिन असे अल्प भारावर चालत असताना त्याची हवा आत घेण्याची वाट बहुतांशी मिटलेली असते आणि अरुंद फटीतून हवा ओढण्यातच त्याची काही शक्ती खर्ची पडते. वरचा गियर टाकला की इंजिनाचे फेरे कमी होतात, प्रत्येक फेऱ्यावरील भार वाढतो आणि हा अपव्यय घटतो. म्हणून वेग वाढविताना इंजिन ओरडेपर्यंत खालच्या गियरमध्ये न राहता लवकर वरचा गियर टाकणे फायद्याचे असते. अगदी मुंगीच्या पावलांनी वेग वाढविण्याची आवश्यकता नाही. मध्यम दाब देऊन चटकन वरच्या गियरमध्ये जाणे अधिक योग्य.

याला मर्यादाही आहे. इंजिन धडधडू लागले किंवा त्यातून ठोके ऐकू येऊ लागले तर गियर प्रमाणाबाहेर वरचा आहे असे समजावे. चढावर हे विशेषेकरून घडते. क्लचवर सतत पाय ठेवून गाडी चालविण्याच्या सवयीने क्लच घसरत राहतो, प्लेट लवकर झिजते आणि इंधनही वाया जाते.

न्यूट्रलविषयीचा गैरसमज

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, किंवा इंजिनच बंद केले, की इंधन वाचते ही समजूत भारतातील चालकांत खोलवर रुजलेली आहे. कार्बोरेटर असलेल्या जुन्या गाड्यांपुरता तिला काही आधार होता. त्या इंजिनांत ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही हवेच्या ओढीने थोडे पेट्रोल आत जातच राही, आणि गियरमध्ये इंजिनाचे फेरे अधिक असल्याने ते जास्त जाई. इ.स. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, तसे भारतीय मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार होऊन त्याच्या जागी संगणकाने नियंत्रित होणारी इंधन-फवारणी आली. या गाड्यांत चालू गियरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की चाकेच इंजिनाला फिरवितात, आणि हे ओळखून संगणक फवारणी पूर्णपणे थांबवितो. फेरे बरेच कमी होईपर्यंत इंधनाचा खर्च शून्य असतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चाकांचा आधार नसल्याने ते बंद पडू नये म्हणून फवारणी चालूच ठेवावी लागते. म्हणजे लांब उतारावर न्यूट्रलमधील गाडी गियरमधील गाडीपेक्षा अधिक इंधन घेते. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमधली गाडी अधिक दूर घरंगळत जाते आणि त्यामुळे काही प्रसंगी थोडी बचत होऊ शकते. पण ज्या घाटासाठी ही युक्ती सांगितली जाते, तेथेच ती उलट फळ देते.

धोका याहून मोठा आहे. गियरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे खेचून धरते. न्यूट्रलमध्ये ही पकड नाहीशी होते आणि सारा भार ब्रेकवर येतो. सततच्या दाबाने ब्रेक तापतात व निकामी होऊ लागतात. इंजिन बंद केल्यास ब्रेकला मिळणारे निर्वात दाबाचे साहाय्य एकदोन वेळा दाबल्यावर संपते, पेडल दगडासारखे घट्ट होते, सुकाणू जड होते; किल्ली काढल्यास ते अडकूही शकते. जड वाहनांत ब्रेकसाठी लागणारी दाबाची हवा इंजिनावर चालणारा पंपच पुरवीत असतो.

पुण्यातील नवले पुलाकडे उतरणारा महामार्गाचा टप्पा अशा अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री तेथे एका मालमोटारीने उतारावर अनेक वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाल्याचे प्रथम सांगितले गेले. प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पुढे आले. अमेरिकेतील अनेक राज्यांत उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा कायद्याने गुन्हा आहे.

घाटरस्ते

खोपोली ते लोणावळा या बोरघाटाच्या चढणीत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. १,२०० किलोग्रॅमच्या गाडीला केवळ या उंचीसाठी, सपाटीवरील खर्चाखेरीज, अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल अधिक लागते. हा खर्च चालविण्याच्या कौशल्याने टाळता येत नाही. गाडीतील अनावश्यक वजन उतरवून तो थोडा कमी करता येतो इतकेच. उतरताना यातील काही भाग परत मिळतो. ज्या गियरमध्ये घाट चढला साधारण त्याच गियरमध्ये तो उतरावा हा जुन्या चालकांचा नियम आजही योग्य आहे: इंजिन गाडीला आवरते, ब्रेक थंड राहतात आणि बराच वेळ फवारणी बंद असल्याने इंधन जळत नाही.

थांबलेली गाडी

लहान पेट्रोल गाडीचे इंजिन उभ्या स्थितीत तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर इंधन घेते. वातानुकूलन चालू असल्यास अधिक. दीड मिनिटाच्या सिग्नलला याप्रमाणे १२ ते १९ मिलिलिटर जातात. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या मते दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करणे स्वस्त पडते. सुरू करताना खूप पेट्रोल लागते हा समज कार्बोरेटरच्या काळातलाच. अनेक नव्या गाड्यांत हे काम आपोआप होते. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम यासाठीच राबविली होती. सकाळी इंजिन उभ्या गाडीत तापवीत ठेवण्याचीही आता गरज नसते. पहिले काही किलोमीटर सावकाश चालविल्यास ते लवकर तापते. थंड इंजिन अधिक इंधन घेत असल्याने एकदोन किलोमीटरच्या सुट्या फेऱ्या सर्वांत महाग पडतात, आणि अनेक कामे एकाच फेरीत उरकणे हा साधा उपाय बऱ्याच तांत्रिक युक्त्यांहून सरस ठरतो.

टायर, वजन आणि वातानुकूलन

टायरांतील हवा कमी असल्यास ते अधिक दबतात आणि त्यांचा विरोध वाढतो. चारही टायरांचा सरासरी दाब १ पीएसआयने घटला तर इंधनक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने कमी होते. योग्य दाब किती, हे चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेले असते. तो टायर थंड असताना तपासावा. बचतीच्या हव्यासाने त्याहून अधिक हवा भरल्यास रस्त्यावरील पकड कमी होते.

टपावरील सामानाची पेटी महामार्गावरील वेगात १० ते २५ टक्के इंधनक्षमता गिळू शकते. रिकामी जाळीही हवेला अडविते. डिकीतील ४५ किलोग्रॅम जादा वजनाने मात्र एक टक्क्याच्या आसपासच फरक पडतो. कडक उन्हाळ्यात वातानुकूलनामुळे, विशेषतः लहान फेऱ्यांत, इंधनक्षमता २५ टक्क्यांहूनही अधिक घटल्याचे आढळते. शहरातील कमी वेगात काचा उघड्या ठेवणे आणि महामार्गावर काचा बंद करून वातानुकूलन वापरणे हा सर्वमान्य मध्यममार्ग आहे. उन्हात तापलेल्या गाडीत प्रथम काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ दिल्यास यंत्रणेवरील भार हलका होतो.

इतिहास

इंधन वाचविण्याच्या स्पर्धा खनिज तेलाच्या टंचाईहून जुन्या आहेत. अमेरिकेत १९३६ पासून १९६८ पर्यंत ‘मोबिल इकॉनॉमी रन’ ही स्पर्धा होत असे. इलिनॉय राज्यातील वुड रिव्हर येथील शेल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३९ मध्ये सहकाऱ्यांत लागलेल्या एका पैजेतून पुढे ‘शेल इको-मॅरेथॉन’ ही विद्यार्थ्यांची जागतिक स्पर्धा विकसित झाली. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या ईटीएच या तंत्रविज्ञान संस्थेच्या ‘पॅक-कार २’ या हायड्रोजनवरील वाहनाने २००५ मध्ये एक लिटर पेट्रोलइतक्या ऊर्जेत ५,३८५ किलोमीटर जाण्याचा विक्रम केला. अर्थात एका माणसाला आडवे होऊन बसता येईल अशा त्या नळकांड्याची नेहमीच्या मोटारीशी तुलना होऊ शकत नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर हा विषय शासकीय धोरणाचा भाग झाला. अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैल (सुमारे ८८ किलोमीटर) ही वेगमर्यादा लागू केली. ती पुढे शिथिल होत १९९५ मध्ये रद्द झाली. भारतात १९७८ मध्ये पीसीआरएची स्थापना झाली. नेदरलँड्सने १९९९ मध्ये चालकांना नव्या पद्धती शिकविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तर ब्रिटनमध्ये २००८ पासून वाहन परवान्याच्या चाचणीत इंधनबचतीच्या चालनाचेही निरीक्षण होऊ लागले. अमेरिकेतील वेन गर्डेस यांनी रूढ केलेला ‘हायपरमायलिंग’ हा शब्द २००८ मध्ये ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. त्या वर्षी तेलाच्या किमती विक्रमी पातळीवर गेल्या होत्या.

टोकाच्या पद्धती

हायपरमायलिंग करणारे चालक ‘वेग घ्या आणि घरंगळा’ या तंत्राचा वापर करतात. त्यात इंजिनाला त्याच्या सर्वांत कार्यक्षम भारावर चालवून वेग वाढवितात, नंतर ते बंद करून गाडी घरंगळू देतात आणि वेग ठरावीक मर्यादेखाली आला की पुन्हा तेच करतात. इंजिन अल्प भारावर रखडत नसल्याने तत्त्वतः ही पद्धत बिनचूक आहे. मोकळ्या चाचणीपथावर तिने उत्तम आकडे मिळतात, सार्वजनिक रस्त्यावर ती इतरांना गोंधळात टाकते व वर सांगितलेले इंजिन बंद करण्याचे सर्व धोके ओढवून घेते. ट्रकच्या अगदी मागे राहून हवेचा विरोध चुकविण्याची युक्तीही अशीच: विरोध खरोखरच कमी होतो, पण ट्रकने अचानक ब्रेक दाबल्यास थांबायला जागा उरत नाही, आणि चालकाला पुढचे काही दिसतही नाही. दूरवर पाहून चालविण्याने होणारी बचत मग सोडून द्यावी लागते, ती वेगळीच.

जाहीर आकडे व प्रत्यक्ष अनुभव

गाडी विकताना सांगितला जाणारा इंधनक्षमतेचा आकडा पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय, स्थापना १९६६) यांसारख्या संस्थांच्या चाचणीतून येतो. ‘सुधारित भारतीय चालनचक्र’ नावाची ही चाचणी रस्त्यावर नव्हे, तर प्रयोगशाळेतील रुळांवर, वातानुकूलन बंद ठेवून घेतली जाते आणि तिच्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. गर्दी, खड्डे, घाट व उन्हाळा यांचा तिच्यात अंतर्भाव नसल्याने प्रत्यक्षातील आकडा कमी येणे स्वाभाविक आहे. दोन गाड्यांची तुलना करण्यास हे आकडे उपयोगी पडतात. एखाद्या चालकाचे कौशल्य त्यांवरून ठरविता येत नाही. डॅशबोर्डवर त्या क्षणीची इंधनक्षमता दाखविणारा आकडा त्यासाठी अधिक उपयुक्त असतो, कारण पायाच्या प्रत्येक दाबाचा परिणाम त्यावर तत्काळ दिसतो.

प्रशिक्षणाने झालेली सुधारणा काळानुसार ओसरते, असेही अनेक देशांत आढळले आहे. चालक घाईच्या दिवसांत जुन्या सवयींकडे वळतात.

संकरित व विजेवरील गाड्यांत ब्रेक दाबल्यावर मोटर जनित्राप्रमाणे काम करून काही ऊर्जा बॅटरीत परत भरते. म्हणून या गाड्या शहरात पेट्रोल गाड्यांच्या मानाने अधिक लाभदायक ठरतात. परंतु भरण व पुनर्वापर या दोन्ही टप्प्यांत काही ऊर्जा हरवत असल्याने त्यांतही अनावश्यक वेग व ब्रेक टाळणे फायद्याचेच असते. आणि इंजिनाच्या उष्णतेचा अपव्यय त्यांत नसल्याने महामार्गावरील वेगाचा परिणाम विजेच्या गाडीच्या पल्ल्यावर पेट्रोल गाडीपेक्षाही ठळकपणे जाणवतो.